सोलापुरात ऊन टाळण्याचा प्रयत्न

डॉक्टर प्रियदर्शनी यांनी मला ऊन टाळायला सांगितलं तेव्हा एप्रिल चालू होता आणि आम्ही सोलापुरात होतो. माशाला ओलं होऊ नकोस म्हणून सांगावं, त्यातला हा प्रकार. पण बाई इतक्या शांतपणे बोलल्या की मीही शांतपणे मान हलवली. एसीत बसलेला माणूस कशालाही मान हलवतो.

झालं होतं असं, की माझ्या हृदयाचे ठोके चुकत होते. मध्येच चार-पाच भराभर पडायचे, मग एखादा गाळला जायचा, मग पुन्हा घाई. मी पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. माझ्या हाताखालची सगळी मंडळी नोकरीभर याच चालीनं काम करत आली, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. पण माझ्या बायकोला, अनिसाला वाटलं. तिनं मला दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लागल्या, कागदावर रेघोट्या उमटल्या, रक्त गेलं, थायरॉइड आणि लिव्हर पाहून झालं, छातीचा फोटो निघाला, डोळ्यांत टॉर्च मारून झाली आणि एवढ्या मिरवणुकीनंतर हातात काय पडलं, तर एक बारकी पांढरी गोळी. नाव अमिओडॅरोन.

डॉक्टरांनी तिच्याबद्दल तीन गोष्टी बजावल्या. गोळी रोज सांगितल्याप्रमाणे घ्यायची, मनानं बंद करायची नाही, आणि अधूनमधून तपासण्या करत राहायच्या. दुसरं, या गोळीवर असताना कातडी उन्हाला लवकर भाजते, तेव्हा पूर्ण बाह्या, टोपी, क्रीम, आणि भर दुपारी बाहेर पडणं नको. तिसरं, दुसरं कुठलंही औषध, साधं खोकल्याचं असो की झाडपाल्याचं, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. चकोतऱ्याचा, म्हणजे ग्रेपफ्रूटचा, रससुद्धा नाही. "या गोळीचं फार जणांशी पटत नाही," बाई म्हणाल्या.

तीनपैकी मधली गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. ऊन दिसतं, त्यामुळे त्याच्याशी वैर धरता येतं.

घरी आलो तर कट्ट्यावर गुरुराज अण्णा बसलेलेच होते. अण्णा आमचे भवानी पेठेतले शेजारी. चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होते, मूळचे अक्कलकोटकडचे. बोलतात मराठी, हिशेब कन्नडमध्ये करतात आणि सल्ला दोन्ही भाषांत देतात. गल्लीत कुणाला शिंक आली तरी ती आधी अण्णांना कळते. त्यांनी गोळी हातात घेऊन उलटीपालटी केली, उजेडात धरली आणि ही उन्हाळ्यात घ्यायची गोळीच नव्हे असा निकाल दिला. आत्ता बंद ठेवायची, मृग लागला की सुरू करायची. अनिसानं तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला. उत्तर आलं की बंद अजिबात करायची नाही, आणि केली तरी ती शरीरातून लगेच जात नाही, कित्येक आठवडे मुक्काम करते. म्हणजे भाडेकरूच. अण्णांचा स्वतःच्या भाडेकरूवर कोर्टात दावा चालू आहे, त्यामुळे हे त्यांना लगेच पटलं.

मग माझ्या पोशाखाची तयारी सुरू झाली. माझे सगळे शर्ट अर्ध्या बाह्यांचे. अनिसानं माझा लग्नातला एक पूर्ण बाह्यांचा शर्ट शोधून काढला, त्याची बटणं मधल्या भागात एकमेकांना भेटायला तयार नव्हती. नमाजाची टोपी कान झाकत नाही. रुंद कडेची टोपी नव्या पेठेत मिळाली, पण एकच, आणि तिला जांभळी रिबन होती. रिबन उसवली तर टोपीच उसवेल असं दुकानदारानं सांगितलं. तोंडाला पांढरं क्रीम, डोळ्यांना काळा चष्मा, हातात मोजे. त्यावर अनिसानं, स्कूटीवरच्या मुली बांधतात तसा, स्टोल तोंडाभोवती गुंडाळून मागं गाठ मारली.

पहिल्याच दिवशी एका कापडदुकानाच्या पायरीवर जरा सावलीला थांबलो, तर आतून आवाज आला, "या ताई, कॉटनमध्ये दाखवू का?" मी माझ्या मूळच्या आवाजात नको म्हणालो. त्या माणसाच्या हातातलं ठाण खाली पडलं आणि उलगडत थेट रस्त्यावर गेलं. पुढे चौकात माझ्याच ऑफिसातले जुने साहेब भेटले. मी सलाम केला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पाकीट असलेल्या खिशावर हात ठेवून निघून गेले. माणसाची इभ्रत म्हणजे बहुतेक नाक आणि हनुवटी यांच्यामध्येच कुठंतरी असावी. ती झाकली की संपलं.

तेव्हा मी ठरवलं, की बाहेर जाणंच नको. पण आमच्या घराची रचना अशी, की पुढच्या खोल्या आणि मागचं न्हाणीघर यांच्यामध्ये उघडं अंगण आहे. म्हणजे लघवीला जायचं तरी मला स्टोल बांधावा लागे. एकदा गाठ बसली ती सुटेना, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. शेवटी अंगणावर आणि पुढं दारापासून रिक्षा थांबते तिथवर सावलीचं कापड टाकायचं असं मी मनाशी पक्कं केलं. अनिसा म्हणाली की डॉक्टरनी टोपी सांगितली होती, छप्पर नाही. पण मी कामाला लागलो होतो.

मंडपवाला मुबीन माझ्या लांबच्या नात्यातला. त्याला सांगितलं, हिरवी जाळी टाक. तो आला तेव्हा जाळी नव्हती. उन्हाळ्यात सगळ्या जाळ्या रोपवाटिका आणि रसवंत्या घेऊन गेलेल्या असतात. त्याच्याकडे शिल्लक होतं ते लग्नाचं कापड, लाल-पिवळं, खाली सोनेरी झालर. सावलीला रंग कुठं असतो, असं तो म्हणाला, आणि ते मला पटलं. मी दुपारी झोपलो आणि उठलो तर घराला मांडव पडला होता. अंगणात, ओट्यावर आणि पुढं गल्लीत हातभर. मुबीननं प्रेमानं दारावर दिव्यांची माळसुद्धा सोडली होती. तेवढं आमच्याकडून, तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं की कासीमभाईंच्या, म्हणजे माझ्या, मुलीचं, आयेशाचं लग्न निघालं.

सगळ्यात आधी श्रीदेवी वहिनी, म्हणजे अण्णांच्या मंडळी, रुसल्या. एवढी वर्षं भिंतीला भिंत, आणि लग्न कापडावरून कळावं, हे त्यांना लागलं. अनिसानं गोळीची सगळी हकीकत सांगितली. वहिनींनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मुलगा काय करतो ते विचारलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आयेशाचा फोन. ती तिथं एका कंपनीत आहे. "अब्बा, माझं लग्न ठरलंय, तर मलाही एक मेसेज टाकायचा होतात," ती म्हणाली, आणि ते ती ज्या शांतपणे म्हणाली त्यानं मी जास्त घाबरलो. आमच्या घरात दखनी बोलतात, पण भांडण मराठीत होतं, कारण शेजाऱ्यांनाही समजलं पाहिजे. त्या दिवशी अनिसा बराच वेळ मराठीत बोलली.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ मोटरसायकलवरून आले आणि मांडव गल्लीत आलाय, परवानगी दाखवा म्हणाले. परवानगीसाठी मला एका कार्यालयात जावं लागलं. कुठल्या ते सांगत नाही, मला पुन्हा तिथं काम पडू शकतं. खिडकीतल्या बाबूनं आधी मला तोंडावरचं सोडायला लावलं. आतून पांढरं क्रीम लावलेला चेहरा निघाल्यावर पुन्हा बांधा म्हणाला. मग त्यानं मांडवाचं कारण विचारलं. त्याच्याकडे कारणं मोजकीच होती: लग्न, मयत, सण, जाहीर सभा. मी हृदय म्हणालो. त्यानं थोडा विचार करून, म्हणजे मयत का, असं विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. मग आत्ताच अर्ज करण्यात अर्थ नाही, असं त्याचं मत पडलं.

मी गोळी समजावली, कातडी समजावली. तो भला माणूस होता, त्यानं सगळं ऐकलं आणि सरळ लग्न लिहा म्हणाला. फक्त पत्रिका जोडावी लागेल. मी खोटं लिहिणार नाही म्हणालो. तर मग मांडव वैद्यकीय कारणासाठी आवश्यक असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, आणि तो आल्यावर असा दाखला चालतो का, हे आम्ही वर विचारू, तो म्हणाला. मी सरकारी खात्यातच आयुष्य काढलेला माणूस. अर्ज न नाकारता मारण्याची ती नजाकत पाहून मला मनातून दाद द्यावीशी वाटली. पण मी अर्जदार होतो, आणि अर्जदाराला दाद देता येत नाही.

या धावपळीत मला खोकला झाला. मुबीनच्या कापडात किती लग्नांची धूळ होती कोण जाणे. खोकला रात्रंदिवस चालला, छातीत दुखायला लागलं. अनिसा डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली. मी म्हटलं, साधा खोकला आहे. खरं म्हणजे ती टोपी घालून पुन्हा बाहेर पडायची माझी तयारी नव्हती.

गुरुराज अण्णांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात बोलावलं. त्यांना थंडीत असाच खोकला झाला होता, तेव्हाच्या भारी गोळ्या उरल्या होत्या. चार दिवसांत मोकळं वाटेल, म्हणाले. डॉक्टरांची तिसरी गोष्ट मला आठवली, नाही असं नाही. पण ती अशी आठवली, जशी रेल्वेत बसल्यावर घराला कुलूप लावलं की नाही हे आठवतं. आता उतरून कोण जाणार. मी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी एक घेतली. अनिसाला सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही कारण मी असं काही करीन असं तिला वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बिरप्पा आला. बिरप्पा मंद्रूपकडचा, मेंढरं-शेरडं पाळतो, बकरी ईदला आमच्याकडे बोकड त्याच्याकडूनच येतो. त्याला बाजारात कुणीतरी लग्नाचं सांगितलं होतं. डोक्याला नवा फेटा, आणि पिकअप गाडीत दोन बोकड, आहेर म्हणून. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं मला मिठी मारली. "पोरीचं लगीन हाय आन् मला सांगावा न्हाय व्हय?" तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याच्या मागोमाग पेठेतले आणखी दहाबारा जण आले. कुणी पातेलं आणलं होतं, कुणी साडी. श्रीदेवी वहिनी सगळ्यांना सरबत देत होत्या. मांडवात दिव्यांची माळ लागली. नवरीचा पत्ता नाही, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि मंडळी मजेत बसलेली.

मी ठरवलं, आता सगळ्यांना एकदाच काय ते सांगून टाकायचं. खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. "मंडळी, इथं लग्न नाही," मी म्हणालो. मंडळी हसली. सासऱ्याची गंमत वाटली त्यांना. मी आवाज चढवून म्हणालो की हा मांडव माझ्यासाठी आहे. आता कुणी हसलं नाही, कारण निकाहाच्या मांडवात असलं अभद्र बोलू नये. पुढचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं. तेवढ्यात छातीत कुणीतरी भांड्यांचा मोडका ट्रक भरधाव सोडल्यासारखं झालं, सोनेरी झालर वर जायला लागली, आणि दिव्यांची माळ विझली.

माळ विझली नव्हती, हे मला नंतर कळलं. मीच विझलो होतो.

शुद्ध आली तेव्हा मी आडवा होतो आणि एक बोकड माझ्या बाहीचं बटण चावत होता. बिरप्पानं मला कोकरू उचलावं तसं उचलून पिकअपमध्ये घातलं होतं. बोकड उतरवायला कुणाला सुचलं नव्हतं. अनिसा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती, आणि त्यामुळे मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिचा हात माझ्या मनगटावर होता. ती नाडी मोजत होती की नुसता धरून बसली होती, मी नंतरही विचारलं नाही. गुरुराज अण्णा फळीला टेकून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे सल्ला नव्हता.

दवाखान्यात पुन्हा वायरी लागल्या. मशीनवरची रेघ पाहून डॉक्टर प्रियदर्शनींचा चेहरा बदलला. ठोका वेळेवर आवरत नाहीये, त्या म्हणाल्या, आणि अशानं माणूस पुन्हा कोसळू शकतो, कधीकधी उठतही नाही. मग त्यांनी विचारलं, अमिओडॅरोनशिवाय दुसरं काय घेतलंय?

काही नाही, अनिसा म्हणाली. मी स्वतःच्या हातानं गोळी देते, दुसरं काही नाही. ती अगदी खात्रीनं बोलली. मी खरं सांगितलं तर ती सगळ्यांसमोर खोटी पडणार होती आणि अण्णा गुन्हेगार ठरणार होते. मी पडल्या पडल्या छताकडे बघत राहिलो. इभ्रत म्हणजे काय चीज आहे बघा. माणूस मरायला टेकला तरी ती उशाशी बसून असते.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. खोकल्याचं, तापाचं, काढा, चूर्ण, काहीही. कळलं नाही तर मी काय देऊ आणि काय टाळू, हे मला ठरवता येणार नाही, त्या म्हणाल्या.

खोलीत मशीनचा टिक टिक आवाज तेवढा येत होता, तोही सरळ नव्हता. दाराजवळ अण्णा उभे होते. त्यांनी धोतराचं टोक हातात धरलं होतं. त्यांना निघून जाता आलं असतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

"मॅडम, मी दिली," अण्णा म्हणाले. "खोकल्याची. माझी उरलेली. काल एक, आज एक." त्यांनी खिशातून पाकीट काढून पुढे केलं, आणि हात तसाच पुढे राहिला, पाकीट डॉक्टरांनी घेतल्यावरही.

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि नर्सला भराभर काही सांगितलं. नंतर कळलं ते असं, की ती जंतूंवरची गोळी एरवी चांगली, पण माझ्या गोळीबरोबर घेतली की दोघी मिळून हृदयाचा ताल भलतीकडेच नेतात. ती बंद झाली, सलाइनमधून काही गेलं, आणि पुढचे काही दिवस मी काचेच्या खोलीत मशीनखाली होतो. आयेशा पहिल्या गाडीनं पुण्याहून आली आणि मी लग्नाबद्दल माफी मागितली तेव्हा आधी हसली, मग तोंड फिरवून उभी राहिली. मला घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, की उन्हासाठी तुम्ही मांडव घातलात असं ऐकलं; मी टोपी सांगितली होती. आणि जे सांगितलं होतं की विचारल्याशिवाय काही घेऊ नका, त्यासाठी मात्र तुम्हाला एक फोनसुद्धा करता आला नाही. मी मान हलवली. एसी तिथंही होता.

घरी आलो तेव्हा मांडव उतरला होता. मुबीननं कापड एका खऱ्या लग्नाला नेलं होतं. आता मी सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावर बाहेर पडतो, छत्री घेतो, पूर्ण बाह्यांचे नवे शर्ट शिवलेत, आणि टोपीची रिबन आयेशानं एका मिनिटात काढली. टोपी उसवली नाही.

गुरुराज अण्णा मात्र येईनात. कट्टा रिकामा राहू लागला. भिंतीपलीकडे त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, पण ते बाहेर पडायचे ते मी आत असताना. अनिसा त्यांच्यावर चिडलेली होती, पण ती चिडली होती ती आधी माझ्यावर, आणि माझा नंबर संपेपर्यंत त्यांचा येणार नव्हता. शेवटी एक दिवस तिनंच भिंतीवरून श्रीदेवी वहिनींना सांगितलं, की त्या दिवशी अण्णा बोलले नसते तर मी आज कुणाशी भांडत बसले असते. बस, एवढंच सांगितलं.

फेरतपासणीच्या दिवशी आम्ही निघालो तर अण्णा दारात उभे. इस्त्रीचा सदरा आणि हातात चादरीच्या कारखान्याची भली मोठी कापडी पिशवी. मीही येतो, म्हणाले, मॅडमला थोडं विचारायचंय. वाटेत रिक्षात ते पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते.

माझी तपासणी झाली. रेघ बरी होती, रक्त पुन्हा पाहायचं ठरलं. मग डॉक्टरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा उठले आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. गोळ्यांची पाकिटं, अर्ध्या बाटल्या, चूर्णाच्या पुड्या, डोळ्यांचे थेंब, मलमाच्या पिळून वळलेल्या ट्यूबा. काहींवरची अक्षरं पुसून गेली होती. एक बाटली घरंगळत कडेपर्यंत गेली, ती अनिसानं धरली.

डॉक्टर ढिगाकडे बघत राहिल्या. अण्णांना कोणकोणते आजार असतील याचा अंदाज बांधत असाव्यात.

"काका, हे सगळं तुम्ही घेता?" त्यांनी काळजीनं विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली.

"नाही मॅडम," ते म्हणाले. "मी देतो."